श्वास घेणारा पुतळा आणि भिंतीवरचा मीटर

रत्नागिरीतल्या निम्म्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: परदेशात लॅबवाले खोलीतली हवा तपासायला गरम होणारा, श्वास घेणारा महागडा पुतळा बसवतात, निव्वळ पैशाचा चुराडा, स्वस्तातला मीटर भिंतीला लावला की झालं, आणि कोकणात तर तोही नको, खिडकी उघडा, समुद्राचा वारा आहेच.

भिंतीपाशी असते तीच हवा नाकात जाते, हे कोणी सांगितलं ओ? आपली कातडी साधारण ३३-३४ डिग्री, खोली त्याहून गार, म्हणून अंगाला लागून गरम हवेचा एक थर सतत पायाकडनं डोक्याकडे चढत असतो आणि निवांत बसलेल्या माणसाच्या नाकात बरीचशी ही खालनं आलेली हवाच जाते. आता मच्छर कॉईल आपण ठेवतो कुठे? खुर्चीखाली, पायाशी! मीटर वर भिंतीला "गुड" दाखवत बसलाय आणि धूर अंगावरनं चढत सरळ नाकात. गार पुतळा ठेवला तर हा थर तयारच होत नाही, म्हणून तो तापवायचा.

"फुप्फुसं नाहीत मग श्वास कसला?" अहो पंप असतो, एका श्वासाला अर्धा लिटरच्या आसपास हवा, मिनिटाला १०-१५ वेळा. खोलीत ट्रेसर गॅस, म्हणजे माग काढता येईल असा खुणेचा वायू, सोडायचा नि नाकाशी किती पोचला ते मोजायचं. डेन्मार्कच्या ब्रोहुस आणि निल्सन या संशोधकांनी १९९० च्या दशकात हेच केलं, आणि गंमत म्हणजे खालनं गार ताजी हवा सोडलेल्या खोलीत हाच थर फायद्याचा निघाला, डोकं वरच्या खराब हवेत असलं तरी नाकात खालची चांगली येत होती.

खरा माणूस का नाही बसवत? तो हलतो, आणि त्याला मुद्दाम धूर कसा पाजणार.

समुद्राचा वारा दुपारी असतो, मान्य, पण जुलैत दारं-खिडक्या लावून आत कपडे वाळत घातलेले असतात तेव्हा कुठला वारा? वर आर्द्रता ९० च्या घरात, हवेतले कण पाणी पिऊन फुगतात आणि स्वस्तातला मीटर धूळ आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो.

घरोघरी पुतळा नकोच, तेवढं फॉरवर्डचं बरोबर. पण तिकडचे आकडेही जसेच्या तसे उचलू नयेत, कारण मे महिन्यात पडवीतच ३२-३३ डिग्री झाले की अंगाभोवतीचा थर लुळा पडतो, उरलासुरला पंखा विस्कटून टाकतो. इथल्या कुठल्या कॉलेजने पुतळा बसवलाच तर पंखा चारवर ठेवून बसवा.