फुकटच्या रस्त्याचं भाडं

गोव्यात टोल नाही. उत्तरेला पत्रादेवीला आत शिरा आणि दक्षिणेला पोळेला बाहेर पडा, राष्ट्रीय महामार्ग ६६ वर तुमच्यापुढे कुणी आडवा दांडा घालणार नाही. घालायची गरजही पडत नाही. पर्वरीत गाडी आपण होऊनच थांबते.

माझं घर पेडणे तालुक्यात आणि कचेरी पणजीत. २०११ च्या खानेसुमारीनुसार गोवा ६२ टक्के शहरी आहे. आमचा वाडा उरलेल्या ३८ टक्क्यांत येतो, पण सकाळी आठ वाजता धारगळच्या पुढे निघालं की ही टक्केवारी कुणालाच लागू होत नाही. राज्यात माणशी जवळजवळ एक वाहन झालंय आणि त्यातली बरीचशी, का कोण जाणे, माझ्या पुढेच असतात. कोलवाळचा पूल झाला, करासवाडा झाला, गिरी झाली, इथवर बरं चालतं. मग पर्वरी येते. तिथे खांबांवरून जाणारा पाचेक किलोमीटरचा उंच रस्ता बांधायला काढलाय. तो पूर्ण झाला की वाहतूक वरून सुसाट जाणार आहे. तोपर्यंत आम्ही खाली बसून त्याचे खांब पाहतो. कुठल्या खांबावर कालपेक्षा काय जास्त चढलं, हे आमच्या गाडीतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा.

गाडीत आम्ही चौघे. पेट्रोलचा खर्च वाटून. शेजारच्या सीटवर मास्तर. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाले, आता पणजीतल्या एका शिकवणीवर्गात तेच गणित दुप्पट फीने शिकवतात. मागे वहिनी, सरकारी लेखा विभागात. त्यांच्या बाजूला कानात इअरफोनची बोंडुकं घालून झोपलेला एक तरुण, ज्याचं नाव आम्हाला ठाऊक आहे पण आवाज नाही. आणि त्या आठवड्यात पाचवा होता माझा मेव्हणा. सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या बांद्याचा. पणजीत त्याचं काहीतरी कोर्टाचं काम होतं. स्वतःची गाडी त्याने आमच्या अंगणात लावली आणि माझ्या गाडीत येऊन बसला, कारण गोव्यात गाडी चालवायची त्याला भीती वाटते म्हणे. रेंटच्या गाड्यांतून पर्यटक ज्या आत्मविश्वासाने चुकीच्या बाजूने येतात ते बघता त्याला दोष देत नाही.

वाद त्यानेच काढला. "तुमची मजा आसा भावोजी. पेट्रोल सवाय, दारू सवाय आणि रस्तो फुकट."

त्या वेळी आमची गाडी अर्धा तास एका जागी होती. मी आरशातून त्याच्याकडे पाहिलं. तो मनापासून बोलत होता.

मेव्हण्याच्या बोलण्याला जखमेची पार्श्वभूमी आहे. सिंधुदुर्गात ओसरगावला महामार्गावर टोलनाका उभा राहिला आणि तो सुरू होऊ नये म्हणून जिल्ह्याने आंदोलनं केली. मेव्हणा त्यातला खंदा कार्यकर्ता. निदान फोटोत तरी आहे. दक्षिणेला कारवार ओलांडून अंकोल्याकडे गेलं की हट्टीकेरीला नाका आहेच. म्हणजे वर वाद, खाली वसुली आणि मध्ये आम्ही गोंयकार, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या डोळ्यांत सलणारे.

"फुकट काही नसतं," मास्तर म्हणाले. हे वाक्य ते फळ्यावर लिहायच्या सुरात म्हणतात. "पेट्रोलवर केंद्राचा रस्ते उपकर आहे. त्यासाठी २००० साली कायदा झाला. वर राज्याचा व्हॅट. गाडी घेतानाच रस्ता कर. टोल तू नाक्यावर देतोस, आम्ही पंपावर देतो."

"पण उपकर तर मीपण देतंय! आणि वर टोल मागतत!"

याला मास्तरांकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे कुणाकडेच नाही. पंपावर एकदा, नोंदणीला एकदा आणि नाक्यावर पुन्हा, हा हिशेब मलाही कुणी आजवर पटवून दिलेला नाही. मी तसं म्हणणार होतो, एवढ्यात पुढची गाडी हलली. एक गाडीभर पुढे गेली आणि थांबली. आम्ही सगळ्यांनी तो प्रवास मन लावून केला.

वहिनींनी मग जुनं प्रकरण काढलं. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटरमागे अकरा रुपये उतरले. पत्रादेवीच्या पंपांवर तेव्हा बांदा-सावंतवाडीच्या गाड्यांच्या अशा रांगा लागायच्या की आम्हा गावकऱ्यांना आमच्याच पंपावर परक्यासारखं उभं राहावं लागे. "आणि पुढच्याच वर्षी," वहिनी म्हणाल्या, "बाहेरच्या गाड्यांवर प्रवेश कर लावला."

"लावलो ना!" मेव्हणा उसळला. "भयणीक भेटाक येवचा तर कर!"

सीमेवर तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. आमच्या घरात तो त्याहून मोठा झाला. सासरचं अख्खं खटलं माझ्याकडे असं पाहायचं, जणू पावतीपुस्तक घेऊन नाक्यावर मीच बसलोय. त्या वर्षी चवथीला मेव्हणा आला तो गणपतीवरच्या माटोळीला बांधायला नारळाचा घड घेऊन आला आणि तो देताना म्हणाला, "ह्येच्यावर काय भरूक होया काय?" कर पुढे गेला. वाक्य अजून दर चवथीला येतं. व्हॅटही नंतर टप्प्याटप्प्याने वर चढला, तरी पलीकडच्यापेक्षा आमचं पेट्रोल आजही स्वस्तच आहे. मेव्हण्याचं आमच्यावरचं प्रेम त्यामुळे कधी आटत नाही.

मला स्वतःला टोल माहीत आहे तो पुण्याला जाताना. आंबोली चढून कोल्हापूर गाठलं की पुढे किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, ही नावं कोल्हापूरकराला अष्टविनायकांच्या क्रमाने पाठ असतात. आम्हाला नसतात. गोव्यातल्या माणसाच्या काचेवरचा फास्टॅग हा वर्षातले बहुतेक दिवस शोभेचा असतो. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला म्हणून लावला, एरवी त्याचा उपयोग वायपरला अडथळा एवढाच. मात्र बँक त्याला विसरत नाही. केवायसी अद्ययावत करा, चारचाकीचा समोरून फोटो पाठवा, टॅगचा फोटो पाठवा, नोंदणीपत्राच्या दोन्ही बाजू पाठवा. इतके फोटो मुलीचं लग्न ठरवतानाही मागत नाहीत. मी सगळे पाठवले. बँकेचा पोचही आला.

तरीही कोल्हापूर ओलांडल्यावर एका नाक्यावर यंत्राने माझ्याकडे पाहिलं आणि लाल दिवा लावला. मागे ट्रकची रांग. खिडकीतला मुलगा म्हणाला, "टॅग ब्लॅकलिस्ट आहे काका. डबल द्या." तेव्हा टॅग चालला नाही की दुप्पट, असा सरळ नियम होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो यूपीआयने दिलं तर सव्वापट झाला, रोखीने तेव्हाही दुप्पटच राहिला. मी म्हणालो, खात्यात पैसे आहेत. तो म्हणाला, असतील. मी म्हणालो, फोटो पाठवलेत. तो म्हणाला, चांगले आलेत का? मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबला तो माझे पैसे भरून होईपर्यंत सोडला नाही. पावती मिळाली. तिच्यावर वेळ, तारीख, गाडीचा नंबर, सगळं छापलेलं. मी ती अजून ठेवलीय. रस्त्यासाठी मी नेमके किती पैसे दिले हे सांगणारा आयुष्यातला तेवढाच कागद आहे माझ्याकडे.

गाडीत हे सांगितलं तर मास्तरांना वेगळंच सुचलं. ते म्हणाले, "उद्या गोव्यात टोल आला तरी आपल्याला काही नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला सवलतीचा मासिक पास असतो. साडेतीनशेच्या आसपास. आता बघ." त्यांनी काचेवरच्या धुक्यात बोटाने वर्तुळ काढलं. "त्रिज्या २०. क्षेत्रफळ किती?"

कुणी बोललं नाही. कानात बोंडुकं घातलेला तरुणसुद्धा शाळेतल्यासारखा आणखी खाली सरकला.

"१२५६ चौरस किलोमीटर! गोवा केवढा? ३७०२. तीन नाके टाका, सगळा गोवा स्थानिक!"

त्या आनंदात ते काही क्षण खांबांकडेही पाहायचे विसरले. पण लेखा विभागाचं माणूस मागे बसलेलं होतं. "नियमाप्रमाणे एका महामार्गावर दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर लागतं, मास्तर. तीन बसवताना ओढाताण होईल आपल्यात. आणि तुमचं वर्तुळ अर्धं समुद्रात जातंय."

"मासेमारी ट्रॉलर पण स्थानिक," मास्तर पुटपुटले आणि वर्तुळ पुसलं.

वहिनींचं माहेर दिवाडी बेटावर. रस्त्याचे पैसे म्हटलं की त्यांना फेरीबोट आठवते. फेरीत माणसाला आणि दुचाकीला पैसे पडत नाहीत. २०२३ मध्ये दुचाकीला शुल्क लावायचं घाटलं, तर लोक असे खवळले की सरकारला ते बासनात ठेवावं लागलं. वहिनी त्या वेळी एकाच दिवसात दोन्ही बाजूंनी होत्या. सकाळी कचेरीत त्यांनी फेरी खात्याचा तोटा बघून मान हलवली आणि संध्याकाळी माहेरी जाऊन शुल्काविरुद्ध मान हलवली. "मग काय करणार?" त्या म्हणाल्या. "तोटा सरकारचा आहे. दुचाकी भावाची आहे."

इतका प्रामाणिक माणूस मी कुठल्याही चर्चासत्रात पाहिलेला नाही.

पुलांवर कसंही भांडा, गोव्यात पुलाशिवाय चालत नाही. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा वडील पणजीत नोकरीला होते. नंतर कित्येक वर्षं फेरीच्या रांगेत उभं राहून त्यांचा स्वभाव जो तिखट झाला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. आज मांडवीवर तीन पूल आहेत. तिसरा, २०१९ मधला अटल सेतू, खांबांवरून तारा सोडून इतका देखणा बांधलाय की पर्यटक त्याचे फोटो काढतात. दुचाकीला त्यावर बंदी आहे. पलीकडे रायबंदरचा बांधरस्ता १६३३-३४ मधला. पोर्तुगीज व्हाइसरॉयने बांधून घेतला, आजही त्यावरून बस धावते. मास्तर म्हणतात, त्याचं कंत्राट कुणाला दिलं होतं ते शोधून काढायला पाहिजे.

आणि सरकारालाही कधीकधी लाज असते, हे नमूद केलं पाहिजे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड देशभर आले तेव्हा गोव्यात ठरलं, आधी रस्ते दुरुस्त करू, मग दंड लावू. मी हे वाचून पेपराची घडी करून ठेवली होती. दंड लागू झाले १ एप्रिल २०२२ ला. दुरुस्तीची तारीख मी अजून शोधतोय.

माझं मत विचाराल तर टोल नकोच. मुंबईत २०२४ मध्ये प्रवेशाच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल उठला, कोल्हापूरकरांनी शहरातल्या रस्त्यांवरचा टोल लढून घालवला, ते काही उगीच नाही. पण पंपावर घेतलेल्यातलं किती रस्त्यात गेलं हे मात्र मला कळलं पाहिजे. पत्रादेवीला मोठा फलक लावा आणि आकडे लिहा. लग्नातल्या आहेराचीसुद्धा आपण वही ठेवतो. हे मी गाडीत बोललो तर वहिनी म्हणाल्या, "फलकाचं टेंडर काढावं लागेल." मी गप्प बसलो.

पर्वरीच्या डोंगरावर विधानसभेची इमारत आहे. आमची गाडी तिच्या खालच्या अंगाला आली तेव्हा वर अधिवेशन चालू होतं आणि रस्त्यांवरच चर्चा होती, हे मास्तरांनी मोबाइलवर वाचून दाखवलं. आमचा वाद त्यांच्या आधी सुरू झाला होता आणि बहुधा त्यांच्या नंतर संपला.

संध्याकाळी परत आल्यावर मेव्हणा आपली गाडी घेऊन बांद्याला निघाला. बायको म्हणाली, सीमेपर्यंत सोडून या, त्याला अंधारात गोव्याची भीती वाटते. म्हणून मी माझ्या गाडीने पुढे, तो मागे. पत्रादेवीच्या पंपावर त्याने दिवे दाखवून मला थांबवलं. टाकी फुल करायची होती. मास्तरांचं सकाळचं गणित त्याला आता पटलं होतं. म्हणाला, "भावोजी, हय भरलंय म्हणजे तुमच्या गोव्याच्याच रस्त्याक मदत." पोराने टाकी भरली, आकडा फिरायचा थांबला, आणि मेव्हण्याने खिसे चाचपायला सुरुवात केली. पाकीट आमच्या टेबलावर राहिलं होतं.

पैसे मी दिले. मी पावती मागितली, तर पंपावरचा पोरगा म्हणाला, मशिनीत कागद संपलाय.