खुलासा: हेडफोनवर सराउंड ऐकायला सहाही चॅनेल उलगडावे लागतातच असं नाही

लातूर-नांदेडकडच्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘हेडफोनवर ५.१ (पाच स्पीकर आणि एक बास, अशा सहा चॅनेलचा सराउंड आवाज) ऐकताना मोबाईल आधी सहाही चॅनेल उलगडतो, म्हणून बॅटरी बसते.’ एमपेग सराउंडच्या (सराउंड आवाज कमी जागेत साठवायची पद्धत, २००७ चं मानक) बाबतीत हे चूक आहे. त्यात स्टिरिओ किंवा मोनो मिश्रण असतं आणि सोबत चॅनेलांमधले पातळीचे फरक, साम्य सांगणारे थोडे आकडे. बायनॉरल डीकोडर (दोन कानांसाठी आवाज उलगडणारा भाग) हे आकडे एचआरटीएफशी (कुठल्या दिशेचा आवाज कानापर्यंत पोचताना कसा बदलतो याची नोंद) जुळवून प्रत्येक वारंवारता-पट्ट्यासाठी छोटं मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) काढतो आणि थेट डावा-उजवा आवाज देतो. मधले चॅनेल तयारच होत नाहीत. एसी-३ (डॉल्बी डिजिटल) मध्ये चॅनेल वेगवेगळे साठवलेले असतात, तिथे काम जास्तच.

प्लेअर आणि फोन, दोन्हीकडचा सराउंड इफेक्ट चालू ठेवला तर संवाद पोकळ, घुमल्यासारखे येतात, एकच ठेवा. डावा-उजवा आवाज एकत्र करणारी फोनमधली ‘मोनो ऑडिओ’ सेटिंगही बंद करा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.