मूकपटांतली सर्कस पोरखेळ नव्हती

मूकपटांच्या काळातले सर्कशीचे चित्रपट म्हणजे मुलांसाठी केलेल्या विदूषकी कोलांट्या, संवाद नसल्याने त्यांत कथेला खोली नाही आणि त्यांतल्या कसरती म्हणजे निव्वळ कॅमेऱ्याची हातचलाखी, असे विधान सध्या बरेच फिरते आहे. त्यातले तिन्ही मुद्दे तपासून पाहायला हवेत.

पहिल्या मुद्द्याला 'ही हू गेट्स स्लॅप्ड' (१९२४) हे एकच उत्तर पुरेसे आहे. त्यात एका शास्त्रज्ञाचे संशोधन आणि पत्नी, दोन्ही त्याचा आश्रयदाता उमराव बळकावतो, भर विद्वत्सभेत त्याला थोबाडीत मारतो आणि सभा हसते. पुढे तोच माणूस सर्कशीत विदूषक होऊन रोज थपडा खातो आणि लोक पुन्हा हसतात. हे मुलांचे मनोरंजन खचितच नाही.

खोलीचे म्हणाल, तर टॉड ब्राउनिंगचा 'द अननोन' (१९२७) पाहावा. पायांनी सुरे फेकणारा अलोन्झो आपले धड हात आवळून बांधून हात नसल्याचे सोंग करत असतो. जिच्यावर त्याचे प्रेम, त्या नॅनॉनला पुरुषांच्या हातांचा स्पर्शही सोसत नाही, म्हणून तो खरोखरच हात कापून घेतो. परततो तेव्हा तिची भीती गेलेली असते आणि तिचे लग्न दुसऱ्याशी ठरलेले असते. ते कळताच अलोन्झो झालेला लॉन चेनी हसू लागतो आणि ते हसू पाहता पाहता भेसूर होत जाते. त्या चेहऱ्यावर जे उमटते, ते सांगायला कोणता संवाद पुरला असता, हे मला तरी सुचत नाही.

हातचलाखीचा आरोप मात्र अगदीच निराधार नाही. याच चित्रपटात काही ठिकाणी दिसणारे पाय चेनीचे नसून पॉल डेस्मुक या खरोखर हात नसलेल्या कलावंताचे आहेत. पण त्यावरून सगळ्याच कसरती खोट्या ठरवणे हा अन्याय आहे. 'द सर्कस'साठी (१९२८) चार्ली चॅप्लिन तारेवर चालायला शिकला, आणि तारेवरच्या दृश्यांची फिल्म प्रयोगशाळेत ओरखडे पडून वाया गेल्यावर ती दृश्ये त्याने पुन्हा केली. सिंहाच्या पिंजऱ्यातल्या प्रसंगाचे चित्रण सुमारे २०० वेळा झाले आणि त्यांतल्या बऱ्याच वेळा तो स्वतः सिंहासोबत आत होता. पहिल्या ऑस्कर सोहळ्यात, १९२९ मध्ये, त्याला दिलेल्या विशेष पुरस्कारात या चित्रपटातल्या अभिनयाबरोबरच लेखन, दिग्दर्शन आणि निर्मितीचाही गौरव होता.