परदेशातून : बिल पास झालं का रे?

नोव्हेंबर आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय फिल्म फेस्टिवलचं भांडण सुरू. २००४ पासून फेस्टिवल पणजीत आहे, आणि वाद तेच चाललेत, गोव्याच्या पिक्चरना जागा किती, मराठीला किती नि कोंकणीला किती, बाहेरचे येऊन बीच शूट करून जातात मग आम्हाला काय. मी लंडनला एका छोट्या प्रॉडक्शन कंपनीचे हिशेब बघतो (छोटी म्हणजे दोन डायरेक्टर, एक मी, बाकी शूटपुरती गोळा होणारी माणसं), म्हणून सगळे मला मत विचारतात आणि दिलं की झोडपतात. तरी लिहितो.

माझा मावसभाऊ गोव्यात डिचोलीला दोन मित्रांबरोबर अशीच कंपनी चालवतो. लग्नं, ड्रोन, रिसॉर्टचे रील्स, चतुर्थीला माटोळीचे (गणपतीच्या वर बांधतात ती फळं-भाज्यांची आरास) व्हिडिओ, मधेच एखाद्या सरकारी खात्याची डॉक्युमेंटरी, आणि त्यातून जे उरतं त्यात पिक्चर. पहिल्या पिक्चरला शेजाऱ्यांनी घर दिलं, मावशी रोज पंचवीस-तीस जणांची पेज रांधायची, भजनी मंडळ एका सीनसाठी पहाटेपर्यंत बसलं आणि कोणी एक रुपया मागितला नाही. इथे तेवढ्याच माणसांचं जेवण, घराचं भाडं, विमा, पार्किंग धरलं की आमच्या डायरेक्टरचा चेहरा पडतो. खरं सांगतो, मला जळायला होतं.

पण त्या मायेवर बँक कर्ज देत नाही ना.

ब्रिटनमध्ये २०२४ च्या बजेटात छोट्या पिक्चरसाठी वेगळं टॅक्स क्रेडिट आणलं. ते मिळतं दीड कोटी पाउंडांपर्यंतच्या खर्चावर, लेखक किंवा दिग्दर्शक इथला पाहिजे नाहीतर दोन देशांचं अधिकृत को-प्रॉडक्शन, आणि टॅक्स वजा जाता पात्र खर्चाचे साधारण ४० टक्के परत येतात. पैसे येतात उशिराच, रिटर्न भरल्यावर. पण नियम कायद्यात लिहिलेला असल्यामुळे त्या येणाऱ्या पैशांवर आधीच कर्ज उचलता येतं, व्याज जातं पण शूट थांबत नाही, आणि ती कागदपत्रं करण्यात माझा अर्धा पगार निघतो. म्हणजे स्वर्ग आहे असं नाही. उरलेले पैसे कुठून आणायचे हे कोणी सांगत नाही, आमचे दोघे डायरेक्टर आठवड्यातले चार दिवस कंपन्यांचे ट्रेनिंग व्हिडिओ बनवतात, आणि इथली थिएटरंसुद्धा छोट्या पिक्चरला दुपारचा एक शो देऊन उपकार केल्यासारखी वागतात.

आपल्याकडे केंद्राने २०२३ च्या इफ्फीत, गोव्यातच, परदेशी प्रॉडक्शनसाठी खर्चावरची सवलत ४० टक्क्यांपर्यंत आणि कमाल ३० कोटींवर नेली. ऐकून भाऊ म्हणाला, दादा, तूच थंयसून प्रोड्यूस कर मरे, मग आमी फॉरेन.

विनोद सोडा, त्याचा खरा त्रास वेगळाच आहे. एका खात्यासाठी डॉक्युमेंटरी केली, बिल दिलं, त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्याच महिन्यात स्वतःच्या खिशातून भरला आणि पैसे आले चौदा महिन्यांनी, तोवर कॅमेऱ्याचे हप्ते लग्नांवर चालवले. छोट्या उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाला तर व्याजासकट. तक्रार कर म्हटलं तर उत्तर काय, "तुका थंय बसून सांगपाक सोपें. फुडलें काम कोण दितलो?"

मला इथे बसून बोलायला सोपं आहे हे मान्य. पण ग्रुपवर जेवढी बोंब मराठी-कोंकणीवर होते त्याच्या पाव हिस्सा तरी पैसे मिळण्याच्या तारखेवर करा. पिक्चरला अनुदान मागतानाही रक्कम कमी द्या पण अमुक दिवशी द्या म्हणावं, म्हणजे पोरांना त्या कागदावर उसने तरी मागता येतील. भाषेचं म्हणाल तर 'नाचूंया कुंपासार' कोंकणीतच होता, थिएटरवाल्यांची वाट न बघता हॉल घेऊन तिकिटं लावून शो केले, परदेशातल्या गोंयकारांपर्यंत पोचला, आणि वर तीन राष्ट्रीय पुरस्कार. भाषा कुठे आडवी आली?

आता भावाचा दुसरा पिक्चर चाललाय. मी म्हटलं यावेळी सगळं लेखी कर, उद्या ओटीटीवाल्याने घराची परवानगी मागितली तर काय दाखवणार, आणि आमच्याकडचा लोकेशनच्या कराराचा नमुना पाठवला. त्याने मराठीत करून शेजारच्या आजोबांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि विचारलं, "कितें रे, घर विकत घेतलंय की काय?" सही केली नाहीच. चावी मात्र तेव्हाच काढून दिली, आणि वर सांगितलं की मागच्या खोलीचा पंखा बिघडलाय, तेवढा बघून घ्या.