चिनी बांबू पाच वर्षं जमिनीखाली गप्प बसत नाही

परत आला तो मेसेज. दहावीचा निकाल लागला, कुणाचा धंदा बसला, एमपीएससीची यादी लांबली की हा येतोच, वर उगवत्या सूर्याचा फोटो. ज्यांनी वाचला नसेल (कोण उरलंय म्हणा) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चीनमध्ये बांबूचं एक झाड असतं, त्याचं बी पेरायचं, रोज पाणी घालायचं, पहिल्या वर्षी काही नाही, दुसऱ्या वर्षी काही नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षीही जमिनीवर साधा कोंब नाही, लोक हसायला लागतात, आणि मग पाचव्या वर्षी अवघ्या पाच-सहा आठवड्यांत ते झाड ९० फूट वाढतं. कारण काय, तर ती सगळी वर्षं ते आतल्या आत मुळं खोल रोवत होतं. म्हणून धीर धरा.

धीराबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. बांबूबद्दल आहे, कारण जगातली सगळ्यात वेगाने वाढणारी वनस्पती म्हणून ज्याचा रेकॉर्ड आहे त्याच्याबद्दल इतकं चुकीचं पसरवायची गरजच नाहीये, खरी गोष्ट जास्त भारी आहे.

आधी ते बी. बांबू हे गवत आहे, गहू, भात, ऊस यांच्याच कुळातलं, आणि बहुतेक बांबूंचं बी दिसतं पण भाताच्या दाण्यासारखंच. ताजं बी ओल्या मातीत टाकलं तर साधारण एक ते तीन आठवड्यांत उगवतं. आणि ते टिकतही नाही फार, नुसतं घरात ठेवलं तर काही महिन्यांत त्याची उगवण घसरायला लागते. म्हणजे दोन-चार महिने झाले आणि वर काहीच आलं नाही, तर बी मेलेलं आहे किंवा उंदराने खाल्लंय. त्यावर पाच वर्षं पाणी घालणारा माणूस चिखलाला पाणी घालतोय.

बरं, मुळात बी आणलं कुठून? हा प्रश्न त्या मेसेजला कुणी विचारत नाही. बांबूच्या बऱ्याच जातींना फुलोरा येतो तो आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी, आणि मग सगळं बेट वाळून जातं. ज्याच्याबद्दल ही गोष्ट सांगतात तो बहुधा मोसो बांबू, चीनमधला सगळ्यात महत्त्वाचा. जपानमध्ये १९१२ साली त्याचं बी पेरलं होतं, त्यातून आलेल्या बांबूला फुलं आली १९७९ साली, म्हणजे ६७ वर्षांनी. जपानमधलाच मादाके नावाचा बांबू तर साधारण १२० वर्षांनी फुलतो असं धरतात. म्हणून चीनमधला शेतकरी काय किंवा आपल्या सिंधुदुर्गातला माणगा (तिकडची बांबूची जात) लावणारा काय, बियांची वाट बघत बसत नाही, तो जुन्या बेटातला कंद खणून काढतो आणि लावतो. तेव्हा मेसेजमधला तो बी पेरणारा गडी पहिल्याच ओळीत थोडा संशयास्पद आहे.

आणि बांबूचं बी खरंच काय करू शकतं हे बघायचं असेल तर चीनला जायची गरज नाही, मिझोराम आहे. तिथला माउताक नावाचा बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो, डोंगरच्या डोंगर एकाच वेळी. त्याचं फळ गवताच्या अख्ख्या कुळात सगळ्यात मोठं, पेअरएवढं, हाही एक रेकॉर्डच. हे फळ इतकं घाईचं असतं की कधीकधी झाडावर लटकलेलं असतानाच त्याला कोंब फुटतो. पाच वर्षं सोडा, पाच दिवस थांबायलाही तयार नसतं. मग एवढं फुकटचं अन्न खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की शेतांवर आणि धान्याच्या कोठारांवर तुटून पडतात, याला तिकडे माउताम म्हणतात. १९११-१२ ला झालं, १९५८-५९ ला झालं, २००६-०७ च्या सुमारास परत झालं. १९५९ च्या दुष्काळात सरकारने वेळेवर मदत केली नाही म्हणून मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट नावाची संघटना उभी राहिली, १९६१ मध्ये तिने नावातलं फॅमिन काढून टाकलं आणि पक्ष झाला, १९६६ मध्ये उठाव, आणि समझोता व्हायला १९८६ उजाडलं. बांबूच्या बियांवरून सुरू झालेलं राजकारण वीस-पंचवीस वर्षं चाललं. हा मेसेज मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आता 'चार वर्षं वर काहीच दिसत नाही' हा भाग. साफ खोटं आहे. बी उगवलं की पहिल्या वर्षी सुतासारखी बारीक, गवताच्या काडीसारखी रोपं दिसतात. नीट बघितलं नाही तर तण समजून कुणीही उपटून टाकेल. पुढच्या मोसमात खालच्या कंदातून नवे कोंब येतात, ते आधीच्यापेक्षा जरा जाड आणि उंच, मग तिसऱ्या वर्षी आणखी जाड. असं प्रत्येक पिढीला वाढत जातं. याच्यामागे एक मजेशीर कारण आहे जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: बांबूची काठी एकदा बाहेर आली की जाडीला वाढतच नाही. आंब्या-सागाचं खोड दरवर्षी एक कडं चढवतं, बांबूकडे ती सोयच नाही. कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढीच काठी जन्मभर जाड. त्यामुळे बेटाला मोठं व्हायचं असेल तर एकच मार्ग, पुढची काठी आधीपेक्षा जाड काढायची. मोसोच्या बियांपासून पूर्ण मापाच्या काठ्या मिळायला कित्येक वर्षं जातात हे खरंच आहे, पण त्या प्रत्येक वर्षी जमिनीच्या वर काहीतरी असतं, हिरवं असतं, पानं असतात. असायलाच लागतं, कारण पानांशिवाय खालच्या कंदात साठवायचं अन्न येणार कुठून? पाच वर्षं अंधारात राहून नुसती मुळं वाढवायची तर ती कशाच्या जिवावर वाढवायची, दाण्याएवढ्या बियांच्या? हा एकच प्रश्न शाळेतल्या पोराने विचारला तरी अख्खी गोष्ट कोसळते.

९० फूट आणि पाच आठवडे याच्याबद्दल मात्र मी मेसेजला थोडे मार्क देईन. ९० फूट म्हणजे सत्तावीस मीटरच्या वर, पस्तीस दिवसांत करायचे तर रोज सरासरी ७८ सेंटीमीटर. ऐकायला गप्पा वाटतात पण एखाद्या दिवशी याहून जास्त वाढ मोजलेली आहे. गिनीजच्या पुस्तकात बांबूचा आकडा दिवसाला ९१ सेंटीमीटर आहे, म्हणजे तासाला जवळजवळ चार. आणि जपानमध्ये क्योटोजवळ कोइचिरो उएदा नावाच्या संशोधकाने १९५६ साली मादाकेची एक काठी २४ तासांत १२१ सेंटीमीटर वाढलेली मोजली होती. चार फूट, एका दिवसात! पण हा वेग रोजचा नसतो, कोंब सुरुवातीला रेंगाळतो, मध्ये काही दिवस सुसाट सुटतो आणि शेवटी परत मंदावतो. मोसोची मोठी काठी पूर्ण उंच व्हायला साधारण दीड ते दोन महिने घेते. तरीही प्रचंडच आहे, त्यात वाद नाही.

खरा घोळ इथे आहे की हा पराक्रम कुणाचा. मेसेज म्हणतो बियांचा. तो असतो जुन्या, मुरलेल्या बेटाचा. कोंब जमिनीखाली असतानाच त्याची सगळी पेरं आत तयार झालेली असतात, एकावर एक दाबून बसवलेली, आणि बाहेर आल्यावर जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल ओढावी तशी ती फक्त लांबतात. लांबायला लागणारं अन्न कोंब स्वतः बनवत नाही, त्या वेळी त्याला धड पानंही नसतात. ते येतं शेजारी उभ्या असलेल्या गेल्या वर्षांच्या काठ्यांकडून, कंदातून. म्हणजे एका काठीची ती दोन महिन्यांची धाव आईबाप, काका, आत्या अशा सगळ्या खटल्याच्या कमाईवर चाललेली असते. एकट्याने, कुणाच्या नजरेत न येता, गुपचूप तपश्चर्या करून मोठं होण्याचं हे उदाहरण अजिबात नाही. असलंच तर एकत्र कुटुंबाचं आहे, पण ते स्टेटसला ठेवायला तितकं चमकदार दिसत नसावं.

आणि ९० फूट झालं म्हणजे संपलं असंही नाही. ती काठी कोवळी असते, आतून घट्ट व्हायला तिला आणखी तीनेक वर्षं लागतात. जाणकार माणूस पहिल्या वर्षाची काठी कापत नाही. कापलीच तर भुंगा लागतो आणि घरात पीठ पडत बसतं.

मुळं खोल जातात? नाही जात. बांबूला सोटमूळ नसतं, बहुतेक मुळं आणि कंद वरच्या दोन-तीन फुटांतच आडवे पसरतात. म्हणून तर ओढ्याकाठची माती धरायला बांबू लावतात.

झाड म्हणण्याबद्दल मी भांडणार नव्हतो, कारण आपल्या सरकारनेही ते नव्वद वर्षं म्हटलंय. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात झाडाच्या व्याख्येत बांबू होता, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून न्यायलाही परवाने आणि कटकटी. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढवलेला बांबू त्या व्याख्येतून बाहेर पडला. त्याच्या आधी २०११ मध्ये गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने आपल्या जंगलातल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळवला, वनहक्क कायद्याच्या आधारे, बऱ्याच झगड्यानंतर. बांबू आणि धीर यांची गोष्टच सांगायची असेल तर ही सांगा ना, आपल्याच राज्यातली आहे आणि खरी आहे.

एवढं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, अरे भावना समजून घे, फॅक्ट काय घेऊन बसलास. ठीक आहे, पण आज कितीतरी लोक बांबू लावतायत, आणि त्यांच्यात कुणी हे खरं मानून बसला तर? लावलेलं रोप मेलं तर त्याच मोसमात नांगी भरायची असते, म्हणजे रिकाम्या जागी दुसरं रोप लावायचं. 'बांबू पाच वर्षं दिसतच नसतो' असं डोक्यात बसलेला माणूस रिकाम्या खड्ड्याकडे बघून खूश होणार आणि पाचव्या वर्षी पण खड्डाच बघणार. भावनेने नांगी भरत नाही.

आणि वाट बघण्याचीच उदाहरणं हवी असतील तर वनस्पतींमध्ये खरे रेकॉर्डवाले पडलेत की. श्रीताड घ्या, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला, तीस ते ऐंशी वर्षं नुसती पानं वाढवतो, मग एकदाच डोक्यावर जगातला सगळ्यात मोठा फांद्यांचा फुलोरा काढतो आणि फळं पिकली की मरतो. पण त्या सगळ्या वर्षांत तो दिसत असतो, चांगला ताडमाड. कॅनडात ग्रेट लेक्सच्या कड्यावरचा एक पांढरा सीडर १५५ वर्षांत चार इंचसुद्धा धड वाढला नाही, सगळ्यात हळू वाढलेलं झाड म्हणून त्याची नोंद आहे, पण तोही हिरवा होता आणि दिसत होता.

बी खरोखर थांबतं, तेही खरं आहे. इस्रायलमधल्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात १९६० च्या दशकात खजुराच्या बिया सापडल्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. नंतर कित्येक वर्षं त्या नुसत्या जपून ठेवलेल्या होत्या. २००५ साली त्यातल्या तीन एलेन सोलोवे या इस्रायलमधल्या शेतीतज्ज्ञ बाईंनी लावल्या, एक उगवली, तिच्या झाडाचं नाव मेथुसेलाह. ते नर निघालं, आणि तशाच दुसऱ्या एका प्राचीन बियांपासून वाढवलेल्या हाना नावाच्या मादी झाडाला त्याचा पराग देऊन २०२० मध्ये खजूरही मिळाले. आता हे बी दोन हजार वर्षं गप्प होतं कारण ते कोरड्या वाळवंटात पडलं होतं, त्याला पाणी मिळालं नव्हतं. पाणी मिळाल्यावर कोंब दिसायला त्यालासुद्धा काही आठवडेच लागले, पाच वर्षं नाही.