हुशार मुलांच्या पालकांना काही स्वस्त सल्ले

सर्वप्रथम माझी सहानुभूती स्वीकारा. तुमचं मूल हुशार निघालं आहे.

शाळेतल्या बाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं असेल, की वर्गात तिला कंटाळा येतो, बाकीची मुलं गणित उतरवून घेईपर्यंत ही सोडवून खिडकीबाहेर बघत बसते, तर विशेष बुद्धिमान मुलांसाठी तो कार्यक्रम आहे ना, त्याचा फॉर्म भरून टाका. तुम्ही हरखून घरी आलात, फॉर्म उघडलात आणि तिसऱ्या पानावर तुम्हाला ती ओळ दिसली : 'सोबत अधिकृत बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल जोडावा.' बस्स. कोणती चाचणी, कोणाकडून करायची, किती जुनी चालते, किती पैसे पडतात, हे सगळं तुमच्या बुद्धीवर सोडलेलं.

गेले दोन महिने मी त्या एका ओळीचा अभ्यास करतोय. मुलगी साडेसात वर्षांची आहे. या काळात बुद्धीचा खरा कस तिच्या बापाचा लागला. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगतो, तेही फुकट. या प्रकरणात फुकट मिळणारी ही शेवटची गोष्ट समजा.

पहिला सल्ला : मोबाईलवर जी मोफत चाचणी सापडेल ती मुलाला देण्याआधी स्वतः देऊन बघा. मी दिली. वीस प्रश्न, दहा मिनिटं. शेवटचे आठ प्रश्न तर मी डोळे मिटून, बोट पडेल तिथे दाबत सोडवले. बुद्ध्यांक १४१ आला. खाली लगेच सर्टिफिकेटसाठी पैसे भरायचं बटण. सरासरी १०० धरली तर १३० च्या वर जाणारी माणसं शंभरात जेमतेम दोन असतात, असं शास्त्र सांगतं. ती सगळी त्याच साईटवर राहायला गेलेली दिसतात.

दुसरा सल्ला : फी फोनवर विचारू नका. तो असभ्यपणा आहे. मी नऊ ठिकाणी फोन केले. आठ ठिकाणी थोड्याफार फरकाने झालेलं संभाषण देतो.

'टेस्टची फी किती आहे?'

'सर, ते केसवर असतं.'

'केस साडेसात वर्षांची आहे. फक्त बुद्ध्यांक चाचणी हवीय, बाकी काही नाही.'

'तरी आधी कन्सल्टेशन घ्यावं लागेल.'

'त्याची फी?'

'ती मॅडम सांगतील.'

'मॅडम आहेत का?'

'मॅडम कन्सल्टेशनमध्ये आहेत.'

तुम्ही चिकाटीचे असाल तर कन्सल्टेशनला जाता. तिथे तुम्हाला विचारतात, की मूल कितव्या महिन्यात चालायला लागलं, जन्मतः वजन किती होतं, घरात कोणाला काही त्रास होता का. पाऊण तासाने निष्कर्ष निघतो, की बुद्ध्यांक चाचणी करावी लागेल. अहो, तेच तर सांगत मी आत आलो होतो! मग चाचणीची फी कळते. तुम्ही मनातल्या मनात या महिन्याची कात्री कुठे लावायची ते ठरवून 'हो' म्हणता. मग कळतं की ही फक्त चाचणी घेण्याची फी आहे, लेखी रिपोर्टची वेगळी. रिपोर्ट समजावून सांगण्याच्या सेशनची वेगळी. सही-शिक्क्याची जादा प्रत हवी असेल तर तिची वेगळी. आठवड्याच्या आत हवा असेल तर 'अर्जंट' लागतो. म्हणजे बुद्ध्यांक मोजायचा तर मोजा, पण तो कागदावर हवा, असा हट्ट धरलात तर त्याला मात्र खर्च आहे. कागद नको असता तर मी आलो कशाला असतो? माझी मुलगी हुशार आहे हे मला माहीत आहे, ते तोंडी सांगायला तिची आजी आहे, दिवसातून चारदा सांगते, आणि कन्सल्टेशन लावत नाही!

बरं, हे काम स्वस्त नाही हे मलाही कळतं. एका मुलासमोर तास-दीड तास बसायचं, प्रत्येक उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं, मग वयाच्या तक्त्यांवरून गुण काढायचे, रिपोर्ट लिहायचा, त्यात अर्धा दिवस सहज जातो. त्यामागे वर्षानुवर्षांचं शिक्षण असतं. चाचणीच्या साहित्याची अधिकृत पेटीही महाग येते. घ्या ना पैसे. पण किती ते सांगा की! टाचण्यांच्या डबीवर किंमत छापलेली असते. माणसाला आधी आत घ्यायचं, मुलाला खुर्चीत बसवायचं आणि आई-बाप मुलासमोर घासाघीस करणार नाहीत हे ओळखून मग एकेक आकडा काढायचा, याला व्यवसाय म्हणतात होय?

असो. आवाज चढला. पुढचा सल्ला.

चाचणीच्या दिवशी मुलाला सर्दी होऊ देऊ नका, तारीख बदलण्याचे पैसे वेगळे असतात.

'आयक्यूची तयारी करून घेतो' म्हणणारा क्लास भेटला तर हात जोडून पुढे निघा.

स्वस्तातला मार्ग हवाच असेल तर विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात विचारा. पुष्कळ विद्यापीठांत प्रशिक्षण केंद्र असतं. शेवटच्या टप्प्यातले विद्यार्थी चाचणी घेतात, अनुभवी मानसशास्त्रज्ञ त्यावर देखरेख ठेवतात आणि रिपोर्टवर सही करतात. फी बाहेरच्यापेक्षा बरीच कमी असते. शाळेचा स्वतःचा मानसशास्त्रज्ञ असेल तर त्यालाही गाठा, कदाचित काहीच पडणार नाही. कार्यक्रमवाल्यांकडे फी माफीची सोय आहे का, हेही लेखी विचारा, कारण असली तरी ती फॉर्मवर नसते. ही उपयोगी माहिती मला कार्यक्रमाच्या ऑफिसात कोणी दिली नाही. ती एका लायब्ररीच्या पायरीवर, माझ्याचसारखी फाईल छातीशी धरून बसलेल्या एका ताईंनी दिली. पण विद्यापीठात प्रतीक्षा यादी चार महिन्यांची आणि अर्जाला उरले होते सहा आठवडे. तेव्हा हा मार्ग तुमचं मूल जन्मल्याबरोबर धरावा, हे उत्तम.

मग मी काय केलं? नऊपैकी जिथे फोनवरच फी सांगितली, आणि तीही परवडणारी, तिथे गेलो. माणसं चांगली होती, खरंच. दाराला काचेची पट्टी होती, तिच्यातून मुलगी पाठमोरी दिसत होती. टेबलावर लाल-पांढरे ठोकळे, समोर स्टॉपवॉच. चित्रासारखी नक्षी जुळवायची होती. तिने जुळवली, मान तिरकी करून पाहिली, एक ठोकळा फिरवला आणि हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न : 'बाबा, त्या मावशी बरोबर की चूक ते सांगतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, छान प्रयत्न करतेस. म्हणजे चूकच ना?'

चूक नव्हतं, बाळा. चूक तुझ्या बापाची झाली.

कारण पुढचा सल्ला मला तेव्हा कोणी दिला नव्हता : स्वस्त चाचणी का स्वस्त आहे ते विचारा. त्यांच्याकडची पेटी जुन्या आवृत्तीची होती. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्स्लर यांची मुलांसाठीची ही चाचणी १९४९ सालची, तिची पाचवी आवृत्ती आली २०१४ मध्ये. नवी घ्यायला बरेच पैसे पडतात म्हणून त्यांनी घेतलेली नाही. कार्यक्रमाच्या ऑफिसात रिपोर्ट दिला, खिडकीमागच्या गृहस्थांनी पहिलं पान पाहिलं आणि परत सरकवलं. 'जुनी आवृत्ती चालत नाही.'

शास्त्र त्यांच्या बाजूने आहे, कबूल. पिढीगणिक लोकांचे गुण वाढत गेले, दर दहा वर्षांना साधारण तीन, हे संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलंय. जुन्या मानकांवर मोजलं की मूल आहे त्यापेक्षा जास्त हुशार दिसतं. हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं का, कल्पना नाही. फॉर्मवर नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे.

'मग नव्या आवृत्तीची करून आणू?'

'लगेच केलेली धरत नाही. एक वर्ष जावं लागतं.'

हेही खरंच. तेच ठोकळे पुन्हा हातात आले की नुसत्या सरावाने गुण वाढतात.

'वर्षाने ती वयात बसत नाही. दुसरी एखादी चाचणी?'

'आमच्या यादीत आहे तीच चालते.'

'यादी कुठे आहे?'

'इथे. ऑफिसात.'

कितवा सल्ला झाला? जाऊ दे. शेवटचा : इतिहास अजिबात वाचू नका. मी वाचला आणि झोप गेली. १९०५ मध्ये पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धी मोजायची मूळ मोजपट्टी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. उद्देश दार उघडण्याचा होता, आपण तिथे नाका बसवला. पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून दीड हजार बुद्धिमान मुलांचा अभ्यास केला. त्यांच्या चाळणीत जी मुलं नापास ठरून वगळली गेली त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्व्हारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. आणि फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्याने पालक-शिक्षकांच्या शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची शाळेतच प्राथमिक चाचणी घेतली, तेव्हा गरीब घरांतली कितीतरी मुलं विशेष बुद्धिमान ठरली. त्यावर अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांचा २०१६ चा शोधनिबंध आहे. मुलं तीच होती. आधी त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

आता सल्ले बंद. खिडकीमागच्या साहेबांशी आणि त्यांच्याही वरच्यांशी सरळ बोलतो.

तुम्ही हुशार मुलं शोधत नाही आहात. ज्यांच्या आई-बापांना नऊ फोन करायला वेळ आहे, कन्सल्टेशनला सुट्टी मिळते आणि एक रिपोर्ट वाया गेला तर दुसरा काढायची ऐपत आहे, अशी घरं तुम्ही शोधताय. मला निदान नऊ फोन करता आले. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, तिच्यापेक्षा हुशार, हे तीच सांगते. त्याची आई दोन पाळ्यांत काम करते. तिने फॉर्मचं तिसरं पान पाहिलं आणि फॉर्म परत दप्तरात ठेवला. तो मुलगा तुमच्या कुठल्याही आकड्यात येणार नाही. त्याला नापास करायचे कष्टसुद्धा तुम्ही घेतले नाहीत. लाज वाटली पाहिजे.

फॉर्मवर चार ओळी वाढवायला किती शाई लागते? कोणती चाचणी, कोणती आवृत्ती, किती जुनी चालेल, कमी पैशांत कुठे होते. आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांची चाचणी तुम्ही करा, तुमच्या खर्चाने. अहवाल तुम्हाला हवाय ना? ती यादी खिडकीमागून काढा आणि बाहेर चिकटवा.

मी सोमवारी पुन्हा फोन करणार आहे. या वेळी माझ्या मुलीसाठी नाही, त्या मुलाच्या फॉर्मसाठी. उचला.