टायबरच्या खोऱ्यातले आपले घाडगे

इटलीतल्या टायबर नदीकाठच्या सायकलसफरीवरचा तुमचा लेख झकास! तिथले चढउतार वाचूनच पोटऱ्या भरून आल्या. पण महायुद्धाच्या परिच्छेदात आपला माणूस राहिला की हो. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, हुद्दा नाईक. १० जुलै १९४४ ला याच खोऱ्याच्या वरच्या अंगाला तुकडीतले बाकी सगळे ठार नाहीतर जखमी, आणि हे एकटे मशीनगनवर धावले. बॉम्ब फेकला, मॅगझिन बदलायला सवड नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्यानंच दोघांना लोळवलं. मग गोळी लागली. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर. तिथल्याच मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळ उभारलंय, तिथं सायकल टेकवायचीत ना! आमची रविवारची धाव गंगापूर धरणापर्यंत, येताना मिसळ. गुडघे त्यापुढे नाहीच म्हणतात.